काळ्या रानात भेगा कमी पाडायच्या तर ट्रॅक्टर कधी घालायचा

काळ्या रानाला भेगा पडणारच. ओल मिळाली की फुगायचं आणि वाळलं की आकसायचं ही त्या चिकणमातीची जातच आहे, त्यामुळं भेगा पार बंद करायच्या नादाला लागू नका. भेगा कशा पडतायत ते बघा. मोकळ्या रानात त्या बारीक आणि दाट पडतात, दाबून घट्ट झालेल्या रानात मोजक्याच पण हात जाईल एवढ्या रुंद, आणि ऐन ज्वारी पोटरीत (कणीस अजून पानांच्या आतच) असताना मुळ्या तटातट तुटतात नि खालची ओलपण त्याच भेगेतून उडून जाते.

आधी तपासा. चांगला पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवसांनी 10 एमएमची सळई हातानं दाबत खाली न्या, सात-आठ इंचावर अडकली आणि जोर लावल्यावर पुढं सटकन गेली तर तिथं कडक थर बसलाय. आमच्या बांधाकडंला, जिथं ट्रॅक्टर वळतो, तिथली तूर मी उपटली नाही, खणून काढली, तर सोटमूळ वीतभर सरळ आणि तिथनं काटकोनात वळून आडवं पळालेलं! आतल्या ओळीतली तूर मात्र सरळ खाली गेलेली.

हा थर ओल्या रानात वजन घातल्यानं होतो. 45-50 एचपीचा ट्रॅक्टरच दोन टनांच्या आसपास भरतो, भरलेली ट्रॉली नि हार्वेस्टर तर विचारूच नका. टायरमधली हवा कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेत कमी ठेवली तर वरची माती वाचते, पण खोलवरचा दाब एक्सलवरच्या वजनावर जातो, तिथं हवेचा फारसा उपयोग नाही. म्हणून वाफसा, म्हणजे माती चिकटणार नाही एवढीच बेताची ओल, बघूनच रानात शिरा. वीतभर खालची माती घ्या, तळहातावर वळा, शेवईसारखी वळी झाली तर ट्रॅक्टर घरीच राहू द्या, भुगा झाला तर चला. आणि सगळ्यात जास्त दाब पहिल्याच फेरीत बसतो, म्हणून दरवेळी त्याच चाकोरीनं जा, ट्रॉली बांधावरच उभी करा.

रोटा (फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर) मारायचा मोह आवरा, खरंच सांगतो. वरची चार-पाच इंच माती पिठासारखी होते, पहिल्या जोराच्या पावसात तिची पापडी धरते आणि खाली पाती दरवर्षी त्याच खोलीवर घासून घासून तळ गुळगुळीत करतात. कडक थर सापडला असेल तर सबसॉयलर (खालचा थर फोडायचं अवजार) एप्रिल-मेमध्ये, रान खोलवर कोरडं असतानाच लावा, ओल्यात तो सुरीसारखी नुसती चीर पाडतो, थर फुटत नाही.

उभ्या पिकात कोळपं, म्हणजे ओळींमधली वरची माती सुटी करायचं अवजार. रब्बी ज्वारीत तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात, शेवटची कोळपणी दातेरी कोळप्यानं, म्हणजे सुटलेली माती भेगेत पडून भेग बुजते. ही तिसरी पाळीच लोक टाळतात, आणि भेगा नेमक्या तेव्हाच रुंदावत असतात.