ग्रुपात नवा माणूस आला की त्याला आधी काय दिसावं

बेळगाव भागातल्या समाजवादी व्हॉट्सॲप ग्रुपात नवा माणूस येतो तो लोहिया-मार्क्स वाचून नाही. निपाणीची बिडी वळणारी मावशी येते ती छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची मजुरी विचारायला, चिकोडीकडचा शेतकरी अडकलेल्या ऊसबिलासाठी, बेळगावातल्या उद्यमबागच्या फौंड्रीतला पोरगा ओव्हरटाइमसाठी. आल्याआल्या दिसतं काय, तर वळलेली मूठ, लाल झेंडे आणि कम्युनिस्ट पक्षाच्या 1964 च्या फुटीवरून जुंपलेले दोन जुने कार्यकर्ते. तिसऱ्या दिवशी तो निघून जातो.

म्हणून आधी ग्रुपचं वर्णन बदला. चार ओळी पुरेत: आपण कोण, कुठल्या पक्षाशी किंवा युनियनशी नातं आहे का, इथं कुठल्या कामात मदत मिळते, फोन कुणाला करायचा. पक्षाचं नातं लपवू नका. निवडणुकीच्या तोंडावर ते उघडं पडतंच, आणि मग तुम्ही खरं सांगितलेलंही कुणी मानत नाही.

पिन करायचा मेसेज मात्र पोटापाण्याचा असावा. उदाहरणार्थ: ‘ऊस घातल्यावर 14 दिवसांत बिल मिळायला हवं. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दरानं व्याज मागता येतं. काट्याची पावती जपून ठेवा.’ खाली आधार लिहा, ऊस नियंत्रण आदेश, 1966. कारखान्याचा नफा कुणाच्या खिशात जातो, ही चर्चा त्याच्या पुढची. पावती हातात असलेला माणूस तो विषय स्वतःच काढतो. कायद्याचे जुने मेसेज तपासल्याशिवाय पुढे ढकलू नका. बिडी कामगारांचा 1966 चा स्वतंत्र कायदा 2020 च्या श्रम संहितेत विलीन झालाय, तरी जुन्या कलमांच्या याद्या अजून फिरतात. ती यादी घेऊन कुणी कामगार खात्यात गेला आणि हात हलवत परतला, तर राग तुमच्यावर निघतो.

सीमाप्रश्नावर बेळगावात गप्प बसून भागत नाही; गप्प बसलात की दोन्हीकडचे संशय घेतात. भूमिका दोन-तीन ओळींत पिन करा. आमची सूचना अशी: 1956 पासूनचं मराठी माणसाचं दुखणं खरं आहे, महाराष्ट्राचा 2004 चा दावा सुप्रीम कोर्टात आहे, मराठीतून कागदपत्रं मिळणं हा हक्क आहे, आणि शेजारच्या मागावरच्या कन्नड कामगाराची मजुरीही आपलाच प्रश्न आहे. नाथ पै समाजवादी होते आणि सीमाप्रश्नावरही लढले, एवढी आठवण पुरते. मजुरीची प्रत्येक पोस्ट मराठी आणि कन्नड दोन्हींत टाका, पण कन्नड मजकूर घरी कन्नड बोलणाऱ्याकडून लिहून घ्या. ॲपचं कन्नड ग्रांथिक येतं, वडगावच्या विणकराला ती सरकारी नोटीस वाटते.

इतिहास सांगताना हात आखडता घ्या. 1981 चं निपाणीचं तंबाखू आंदोलन शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं, आणि ते खुल्या बाजाराचे पुरस्करते होते. ते आंदोलन ‘आपल्या’ खात्यात घातलंत तर निपाणीतला कुणीही म्हातारा तुम्हाला तिथंच अडवेल.

बायकांच्या बाबतीत मोठी अडचण नंबरची. साध्या ग्रुपात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, मग रात्री फोन येतात, ठेकेदारालाही कळतं कोण आत आहे. व्हॉट्सॲप कम्युनिटी उघडून नव्यांना आधी फक्त सूचनांच्या ग्रुपात घ्या. तिथं सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनला मात्र दिसतात. म्हणून ॲडमिनमध्ये एक बाई हवीच, आणि ठेकेदाराचा कुणी नातलग नको.

पहिला आठवडा असा ठेवा. आला त्याच दिवशी एकानंच, अर्ध्या मिनिटापेक्षा छोटा, आवाजी मेसेज पाठवावा. बिडीवालीला वाचण्यापेक्षा ऐकणं सोयीचं, हात कामात असतात. मावशी, अक्का, दादा म्हणा. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतला ‘साथी’ आणि कम्युनिस्टांचा ‘कॉम्रेड’ ज्याचा त्याला रुळू दे. चौथ्या दिवशी छोटं काम द्या: मजुरीच्या चिठ्ठीचा फोटो, नाव झाकून. रविवारी चहाला बोलवा. दिवसाला दोनच पोस्ट, आणि ‘समाजवाद म्हणजे फुकट वाटप ना?’ असं कुणी विचारलं तर हसण्याचे इमोजी नकोत. चांगलं उत्तर देणारा एक माणूस आधीच नेमून ठेवा.

ग्रुप सोडून गेला तर एकदाच, खासगीत, कारण विचारा. त्याला न विचारता परत ॲड करू नका.