पाखरं बघायची तर आधी तिथी बघा

गणपती गेले की अलिबागकडच्या आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या सखल भातशेतीच्या पट्ट्यात, लांबची पाखरं दिसायला लागतात. आधी बांधावर शेपूट हलवत फिरणारा धोबी. मग खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या चिखलाट जागेत, तुतवार, चिखल्या, लांब वाकड्या चोचीचा कुरल. भातकापणी उरकेपर्यंत किनाऱ्यावर कुरवांचे थवेही जमतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला पट्टकादंब हंस मात्र इथे शोधू नका. त्यासाठी थंडीत घाट चढून उजनी नाहीतर जायकवाडी गाठावी.

दुर्बीण कुठली घ्यावी, हे सगळे आधी विचारतात. साधी ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरते. खरी मेख भरतीच्या वेळेत आहे. ओहोटीला पाखरं मैलभर चिखलात पांगतात, नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर जाऊन बसावं.

वेळ काढायची कोळ्यांची रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करा. द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ, म्हणजे भरती साधारण नऊला, सकाळी आणि रात्रीही. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं, तेवढं धरून चालावं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी फारसं वर येत नाही. ते दिवस मी सोडून देते.

आता ऊन. अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर तोंड पश्चिमेला, म्हणून सकाळचं ऊन पाठीशी हवं. तिथे द्वादशी-त्रयोदशीची सकाळ उत्तम. धरमतर खाडीच्या आमच्या काठावरून पूर्वेला बघायचं असतं, तिथे चतुर्थी-पंचमीची दुपार साधावी. भरती तीन-पावणेचारला लागते आणि ऊन पाठीवर येतं.

ओळखताना रंगाच्या मागे लागू नका, थंडीत बहुतेक सगळे मळकट करडेच असतात. चाल बघा. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो. तुतवार सारखा मागचा भाग वरखाली हलवतो. कुरल चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो.

बांधावर चढण्याआधी शेतात कोणी असेल तर विचारावं, "दादा, इथून गेलं तर चालेल ना?" भात उभं असताना कडेकडेनेच चालावं. नव्याने माती घातलेल्या बांधावर पाय देऊ नये. तो खचला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन नासते. उघाडीजवळचा, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळचा, चिखल फसवा असतो, तिथे उतरू नये.

आणि फोटोसाठी थवा उठवू नका, हे मी हात जोडून सांगते. भरतीला ती पाखरं विसावा घेत असतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला तेवढे दोन तास मिळायलाच हवेत. सोबत कुत्रा आणू नका.

एखाद्याच्या पायात कडी किंवा रंगीत पट्टी दिसली तर लांबूनच फोटो काढा, अक्षरं वाचता आली तर लिहून घ्या, आणि तारीख-जागेसह मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.