फ्रीलान्स कॅमेरा ऑपरेटरचा रेट आणि अटी: या चुका टाळा

"त्या तारखेला मोकळे आहात का? आणि दिवसाचे किती घेता?" फोनवर हे दोन प्रश्न एकापाठोपाठ येतात आणि बहुतेक जण दोन्हींची उत्तरं एका दमात देऊन टाकतात. दिवस किती तासांचा, कॅमेरा कोणाचा, फुटेज कशात द्यायचं, मुक्काम आहे का, यातलं काही माहीत नसताना दिलेला आकडा शूट संपेपर्यंत पिच्छा सोडत नाही. वाढवायला गेलं की "तुम्हीच तर म्हणाला होतात". त्यामुळे पहिल्या फोनवर एवढंच सांगा: "तारीख मोकळी आहे. कॉलटाइम, अंदाजे पॅकअप, लोकेशन आणि कॅमेऱ्याची गरज कळवा, तासाभरात कोटेशन मिळेल." कॉलटाइम म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, पॅकअप म्हणजे काम आवरण्याची.

दुसऱ्याचा रेट बघून आपला ठरवणं

ओळखीतला कोणी अमुक घेतो म्हणून आपण त्याहून थोडं कमी घ्यायचं, ही पद्धत सोपी आहे, पण त्याचं कर्ज, त्याचा कॅमेरा आणि त्याच्या कामाचे दिवस तुमचे नसतात. हिशेब उलटा, वर्षापासून करा.

समजा घरखर्च आणि बचत मिळून वर्षाला ६०० एकक हातात हवेत (एकक म्हणजे पैशाचं कोणतंही सोयीचं माप). कर सरासरी २० टक्के धरला तर ६०० भागिले ०.८, म्हणजे ७५० एकक कमवावे लागतील. इथे हमखास चूक होते: लोक ६०० मध्ये २० टक्के मिळवून ७२० धरतात. ७२० मधून २० टक्के गेले की हातात ५७६ उरतात. विमा, दुरुस्ती, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, हिशेबनीसाची फी असा धंद्याचा खर्च २०० धरा. एकूण ९५०.

आता भागायचं कितीने? आठवड्याचे ५ दिवस धरले तर वर्षाचे २६०. सुट्ट्या आणि आजारपण वजा जाता सुमारे २३०. त्यातले मीटिंग, रेकी (लोकेशनची आधीची पाहणी), प्रवास, बिलांचा पाठपुरावा, उपकरणांची सफाई आणि सरळ रिकामे गेलेले दिवस काढले की पैसे देणारे दिवस ९५ ते १२० उरले तरी पुष्कळ. ९५ दिवसांनी रेट १० एकक येतो. १९० दिवस धरले तर ५. म्हणजे दिवसांचा अंदाज दुप्पट चुकला की रेट निम्म्यावर येतो, आणि वर्ष संपेपर्यंत ते कळतही नाही.

"एक दिवस" म्हणून सोडून देणं

कोटेशनमध्ये "एक दिवस" लिहू नका, "१० तास, जेवणाच्या सुट्टीसह" असं लिहा. घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी थांबतं, हेही तिथेच लिहा. सुरुवात कॉलटाइमला, पण रेंटलवरून सामान उचलायचं असेल तर ते उचलल्यापासून. शेवट डायरेक्टर "पॅकअप" म्हणतो तेव्हा होत नाही. सामानाची शेवटची केस गाडीत जाते आणि मेमरी कार्डं कॉपी होऊन रिकामी होतात, तेव्हा होतो.

वरचाच १० एककांचा रेट घ्या, म्हणजे तासाला १. कॉलटाइम सकाळी ७, प्रत्यक्ष सुटका रात्री ९.३०. साडेचौदा तास झाले. पहिले २ जादा तास दीडपट दराने ३ एकक, पुढचे अडीच तास दुप्पट दराने ५. ओव्हरटाइमच ८ एककांचा झाला, जवळजवळ आणखी एक दिवस. अट लिहिलेली नसेल तर हे ८ एकक तुमची पदरमोड आहे. अट असूनही पैसे बुडण्याचं एक कारण असतं: तिथल्या तिथे कोणाला सांगितलेलंच नसतं. दहावा तास संपण्याच्या अर्धा तास आधी प्रॉडक्शनच्या माणसाला एका ओळीचा मेसेज टाका: "५ वाजता १० तास पूर्ण होतात. पुढे चालू ठेवायचं असेल तर ओव्हरटाइम लागू होईल, कन्फर्म करा." तिसऱ्या दिवशी बिलात ओव्हरटाइम दिसला की वाद होतो. शूटच्या दिवशी दिसला तर बहुतेक वेळा शॉट भराभर संपतात.

पॅकअप ते दुसऱ्या दिवशीचा कॉलटाइम यांत किमान ११ तासांचं अंतर मागा. युरोपीय संघाच्या कामाच्या तासांबाबतच्या २००३च्या निर्देशात रोजच्या सलग विश्रांतीचा हाच आकडा आहे, त्यामुळे तो हवेतून काढलेला वाटत नाही. अंतर कमी पडलं तर तेवढे तास ओव्हरटाइमच्या दराने लावा.

अर्धा दिवस हा प्रकार तर जवळजवळ फसवाच. उरलेला अर्धा दिवस दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. ५ तासांपर्यंतच्या कामाला पूर्ण रेटच्या ६० ते ७० टक्के, आणि सहावा तास लागला की पूर्ण दिवस, असं धरा.

माणूस आणि कॅमेरा एकाच आकड्यात

"कॅमेऱ्यासकट किती?" याला एकच आकडा दिला की पुढच्या वेळी क्लायंट स्वतःचा कॅमेरा आणतो आणि तुमचा निम्मा रेट कापतो. कोटेशनमध्ये मेहनताना आणि भाडं या दोन वेगळ्या ओळी ठेवा. स्वतःच्या उपकरणांचं दिवसाचं भाडं त्यांच्या आजच्या बदली किमतीच्या १ ते २ टक्के धरण्याचा ठोकताळा कामचलाऊ आहे. ३०० एककांचा कॅमेरा दीड टक्क्याने दिवसाला ४.५ मिळवतो, म्हणजे किंमत वसूल व्हायला ६७ दिवस लागतात. बॅटऱ्या मात्र या हिशेबात लवकर संपतात. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण ३०० ते ५०० चार्जमध्ये मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. त्यांना जास्त टक्का लावा.

बरीच रेंटल हाउस आठवडाभराचं भाडं ३ किंवा ४ दिवसांइतकंच घेतात. तुम्हीही कॅमेऱ्यावर ही सवलत द्या, हरकत नाही. पण क्लायंट तीच माणसालाही लावू पाहतो, आणि गडबडीत होकार दिला जातो. कॅमेरा सात दिवस बॅगेत पडून राहू शकतो. तुम्ही सातही दिवस उभे असता.

भाड्याने आणलेल्या सामानावर सही कोणाची, हे आधी ठरवा. तुमची असेल तर नुकसान झाल्यावर विमा कंपनी देत नाही ती सुरुवातीची रक्कम तुमच्याच गळ्यात पडते. शक्य असेल तिथे भाडेकरार क्लायंटच्या नावावर करा. बंद गाडीत बेवारस ठेवलेल्या सामानाची चोरी बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत. पॉलिसीतलं ते कलम एकदा नीट वाचा.

डेटा फुकटात

सगळ्यात जास्त पैसे इथे गळतात, कारण फुटेज कॉपी करण्याचं हे काम कोणाला दिसत नाही. कॅमेरा ४०० मेगाबिट प्रतिसेकंदाने रेकॉर्ड करत असेल तर सेकंदाला ५० मेगाबाइट, तासाला १८० गिगाबाइट. दिवसभरात ४ तासांचं रेकॉर्डिंग झालं की ७२० गिगाबाइट. फिरत्या तबकडीची पोर्टेबल डिस्क सेकंदाला सुमारे १२० मेगाबाइट घेते. एक प्रत म्हणजे १०० मिनिटं. दोन प्रती एकामागून एक केल्या तर ३ तास २० मिनिटं, आणि चेकसमने (प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का हे तपासणाऱ्या आकड्याने) पडताळणी केली तर आणखी वेळ. ५०० मेगाबाइटने लिहिणाऱ्या एसएसडीवर तीच प्रत २४ मिनिटांत होते, अर्थात कार्ड आणि रीडर तेवढा वेग देत असतील तर.

म्हणून कोटेशनमध्ये तीन गोष्टी हव्यात: डिस्क कोण आणणार, किती प्रती, आणि कॉपीचा वेळ कामाच्या तासांत धरला आहे की नाही. डिस्क क्लायंटची असेल तर "किमान २ टेराबाइट, एसएसडी, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली" असं लिहून द्या (एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं). नुसतं "डिस्क आणा" म्हटलं की जुन्या फायलींनी भरलेली डिस्क येते. नवी असली तरी १ टेराबाइटची डिस्क विंडोजवर ९३१ गिगाबाइटच दिसते. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, सहायकानेही नाही. आणि तुमच्याकडची प्रत किती दिवस राहील तेही सांगा, उदाहरणार्थ ३० दिवस. नाहीतर दोन वर्षांनी फोन येतो आणि फुटेज सांभाळणं तुमची जबाबदारी होती असं गृहीत धरलेलं असतं.

फ्रेम रेट, रिझोल्यूशन, कोडेक (फाइल दाबून साठवण्याची पद्धत), लॉग (रंग नंतर बसवायचे असं फिकं चित्र) की साधं रेक ७०९ (नेहमीचे तयार रंग), टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा) आणि आवाज ४८ किलोहर्ट्झवर, हे क्लायंटकडून लेखी घ्या. तीन कॅमेऱ्यांपैकी दोन २५ फ्रेमवर आणि तुमचा २९.९७ वर असेल तर एडिटिंगला चूक तुमचीच ठरते, भले कोणी काही सांगितलेलं नसो.

तारीख "ठेवून द्या"

तोंडी शब्दावर तारीख अडवायची नाही. पहिला होल्ड (तारीख तात्पुरती राखलेली), दुसरा होल्ड (पहिल्याने सोडली तर याची) आणि कन्फर्म अशा तीनच पायऱ्या ठेवा. त्या तारखेला दुसरं पक्कं काम आलं की पहिल्याला २४ तास द्या: कन्फर्म करा, नाहीतर तारीख सुटेल. कन्फर्म म्हणजे लेखी होकार आणि ५० टक्के अॅडव्हान्स, दोन्ही.

रद्द करण्याची अट कॉलटाइमपासून मोजा, तारखेपासून नाही. ७ दिवसांहून आधी काही नाही, ७ ते ३ दिवसांत २५ टक्के, ७२ ते २४ तासांत ५० टक्के, २४ तासांच्या आत पूर्ण. भाड्याने आणलेल्या सामानाचे जेवढे लागले तेवढे. "रद्द कुठे, पुढे ढकललंय" हा युक्तिवाद ठरलेला असतो. पुढे ढकलणं हे त्या तारखेपुरतं रद्दच, असं स्पष्ट लिहा. पावसाचं वेगळं कलम ठेवा: लोकेशनवर पोहोचल्यावर शूट थांबलं तरी दिवस भरला.

प्रवासाच्या दिवसाला निम्मा ते पूर्ण रेट लावतात. विमानाने जाताना बॅटरीवर किती वॉटतास लिहिले आहेत ते बघा. नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअरतास. १४.८ व्होल्ट आणि ६.६ अँपिअरतास म्हणजे सुमारे ९८ वॉटतास. १०० पर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० च्या सुट्या बॅटऱ्या एअरलाइनच्या परवानगीने दोनच, आणि सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच. जादा सामानाचं शुल्क क्लायंटकडे.

"बजेट कमी आहे" म्हटल्यावर रेट पाडणं

भीड भिकेची बहीण, आणि भिडेखातर पाडलेला रेट पुढच्या कामाचा सुरुवातीचा आकडा बनतो. रेट तोच ठेवून काम कमी करा: १० ऐवजी ८ तास, दुसरी लेन्स नाही, एकच प्रत. तरी सवलत द्यायचीच झाली तर बिलात पूर्ण रेट लिहून खाली "या कामापुरती सूट" अशी वेगळी ओळ टाका. जुन्या क्लायंटला वाढीव रेट कोटेशनमधून कळू देऊ नका, महिनाभर आधी सांगा.

बिल अडकलं तर

"बिलाच्या तारखेपासून १५ दिवस" असं लिहा. "आम्हाला पैसे आले की देऊ" हे कलम दिसलं तर सही करू नका. त्यांच्या क्लायंटची उधारी तुम्ही का सोसायची? पूर्ण पैसे मिळेपर्यंत फुटेजचे हक्क तुमच्याकडे राहतील, ही ओळ असू द्या. पण कार्डं पॅकअपलाच त्यांच्या हातात जात असतील तर तिचा उपयोग कागदापुरताच. अशा कामाला ७० ते १०० टक्के अॅडव्हान्स घ्या, किंवा आधी कमी रिझोल्यूशनच्या प्रॉक्सी (हलक्या प्रती) द्या आणि मूळ फायली पैसे आल्यावर.

मुदत उलटली की दुसऱ्याच दिवशी बिल पुन्हा जोडून मेसेज करा. ज्याने शूटला बोलावलं त्याच्यासोबत अकाउंट्सच्या माणसालाही पाठवा, कारण बोलावणाऱ्याला बिल कुठे अडलंय हे बऱ्याचदा ठाऊकच नसतं. सातव्या दिवशी फोन करा आणि बोलणं झाल्यावर ठरलेली तारीख मेलवर टाका. पंधराव्या दिवसापर्यंत पैसे नसतील तर पुढच्या कामाच्या तारखा सोडत असल्याचं लेखी कळवा आणि त्या दुसऱ्या होल्डवाल्याला देऊन टाका.