अनुदान घेणारी डिस्टिलरी ओढ्यात मळीचं पाणी सोडते तेव्हा

ओढा एका रात्रीत तांबूस-काळा होतो, जळक्या गुळासारखा उग्र वास सुटतो, पहाटे मासे पोट वर करून तरंगतात. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते आणि बहुधा तिथेच थांबते. त्याच डिस्टिलरीला सरकारी पैसा देणाऱ्या कार्यालयाला त्या तक्रारीचा पत्ताही नसतो. प्रदूषणाची फाइल आणि पैशाची फाइल एका टेबलावर आणणं, हे आपलं काम.

पैशापासून सुरुवात करा. केंद्राच्या २०१८ च्या इथेनॉल योजनेत ५ वर्षं व्याज सवलत आहे: वर्षाला ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजदराच्या निम्मी, यांत जी कमी ती. स्पेंटवॉश (मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी) जाळणारे बॉयलर आणि सांडपाणी बाहेर न सोडण्याची यंत्रणाही त्या कर्जात बसते. म्हणजे ओढा स्वच्छ राहावा म्हणून जनतेने आधीच व्याज भरलेलं असू शकतं. डिस्टिलरी सहकारी साखर कारखान्याची असेल तर त्यातलं शासनाचं भागभांडवल आणि थकहमी (कर्जाला शासनाने दिलेली हमी) हेही तपासा.

माहिती अधिकाराचे तीन अर्ज लागतील. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे संमतिपत्र (उद्योग चालवायला मंडळाने दिलेली परवानगी), तीन वर्षांचे नमुना अहवाल, नोटिसा आणि जप्त बँक हमींचा तपशील मागा. पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे भागभांडवल, थकहमी आणि गाळप परवान्याच्या अटी. दिल्लीच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे व्याज सवलतीचं मंजुरीपत्र, अटींसह. शुल्क प्रत्येकी १० रुपये. महाराष्ट्रातल्या कार्यालयांसाठी एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. अर्ज थेट कारखान्याला करू नका. ‘आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही’ हे उत्तर येण्यात महिना जातो. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा आणि कलम ४(१)(ख) दाखवा: अनुदानाची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायचा असतो.

सगळ्यात जास्त प्रकरणं नमुन्यावर फसतात. तुम्ही भरलेली बाटली खटल्यात चालत नाही. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखान्याला नोटीस देऊन, नमुना घ्यावा लागतो. पण अधिकारी दोन दिवसांनी येतात आणि तोवर ओढा निवळलेला असतो. म्हणून त्याच रात्री ईमेल करा: जागा, वेळ, अक्षांश-रेखांशासह फोटो. डोहात साचलेल्या पाण्याचे आणि काठच्या विहिरींचे नमुने घ्या, असं तक्रारीतच लिहा.

नोंदवह्या तपासायचीही मागणी करा. ओढा निवळला तरी त्या उरतात. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. रोज ६० हजार लिटर उत्पादन असेल तर तो ४.८ ते ९ लाख लिटर झाला. बॉयलरमध्ये किती जळला, कंपोस्टवर किती गेला, तलावात किती उरला याची बेरीज जुळली नाही, तर बाकीचा कुठे गेला याचं उत्तर कारखान्याने द्यायचं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राने पर्यावरण भरपाई दिवसांवर मोजली जाते. लाल म्हणजे सर्वाधिक प्रदूषक वर्गातला (८०) मोठा उद्योग (१.५), १० लाखांहून कमी वस्ती (१) आणि २५० रुपयांचा गुणक धरला तर ८० × २५० × १.५, म्हणजे दिवसाला ३० हजार रुपये. उल्लंघन दिसल्यापासून ते थांबल्याची मंडळ खात्री करेपर्यंतचे दिवस धरतात. तक्रारीची पोच सांभाळा ती याचसाठी.

नमुना अहवाल हाती आला की तो पैसा देणाऱ्या कार्यालयाला पाठवा. मंजुरीपत्रातली मोडलेली अट क्रमांकासह उद्धृत करा आणि पूर्तता होईपर्यंत पुढची रक्कम थांबवा, अशी नेमकी मागणी लिहा. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ एवढ्यावर पत्र संपलं तर ते दप्तरी दाखल होतं. मंजुरीपत्रात अशी अट नसेल तर संमतिपत्रातली वापरा. जोर थोडा कमी पडतो.

दोन्हीकडून हालचाल नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठ आहे. घटनेपासून ६ महिन्यांत अर्ज करा. नुकसानभरपाईसाठी मुदत ५ वर्षं. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये, आणि बाजू स्वतः मांडता येते.