एमबीआर सारखा तुंबतोय? मेम्ब्रेनचं कोटेशन मंजूर करण्याआधी या चुका टाळा

बिल्डर ताबा देऊन मोकळा होतो, बेसमेंटमधला एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) सोसायटीच्या गळ्यात पडतो आणि काही वर्षांत कमिटीसमोर मेम्ब्रेन बदलण्याचं कोटेशन येतं. एमबीआर म्हणजे असा एसटीपी, ज्यात जिवाणूंनी साफ केलेलं सांडपाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या गाळणीतून, पंपाने ओढून घेतात. कोटेशनचा आकडा लाखांतला असतो. सही करण्याआधी थोडं थांबा. तुंबते मेम्ब्रेन, पण तिला तुंबवणारी गडबड बहुतेक वेळा तिच्या आधीच्या टाकीत किंवा त्याहीआधीच्या जाळीत असते. ती तशीच ठेवून नवी मेम्ब्रेन बसवली तर तीही त्याच वाटेने जाणार.

आधी जाळी बघा. होलो फायबर (पोकळ तंतूंच्या) मेम्ब्रेनला 1 ते 2 मिलिमीटरची बारीक स्क्रीन लागते, फ्लॅट शीटला (सपाट पडद्यांच्या मेम्ब्रेनला) 2 ते 3 चालते. प्रत्यक्षात जाळी भरली की पाणी मागे तुंबतं, म्हणून ऑपरेटर ती उचलून बाजूला ठेवतो. तेवढ्याने पुरतं. केस, वॉशिंग मशीनमधले धागे, वेट वाइप्स आत जातात आणि हवेच्या बुडबुड्यांनी फिरत फिरत फायबरभोवती वेणीसारखे गुंफले जातात. ही वेणी कुठल्याही केमिकलने सुटत नाही, हाताने कापावी लागते आणि कापताना फायबर तुटतात. स्वयंपाकघराच्या लाइनवर ग्रीस ट्रॅप नसेल किंवा तो महिनोन् महिने उघडलाच नसेल, तर तेलाचा थर वेगळाच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टाकीत वाढत जाणारा जिवाणूंचा गाळ न काढणं. गाळ पिळणारी फिल्टर प्रेस चालवायची, पिळलेला गाळ पोत्यात भरायचा, तो उचलायला माणूस शोधायचा, यापेक्षा गाळ टाकीतच राहिलेला सगळ्यांना सोयीचा वाटतो. पाणी तर स्वच्छच येतंय ना! येणारच, मेम्ब्रेनची छिद्रं 0.4 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतात, गाळ त्यातून जात नाही. साध्या प्लांटमध्ये गाळ वाढला की तो बाहेरच्या पाण्यात दिसतो. एमबीआरमध्ये दिसत नाही, म्हणून कुणाला जाग येत नाही. एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या गाळाचं प्रमाण, 8 ते 12 हजार मिलिग्रॅम प्रतिलिटर असेल तर ठीक. 15 हजारांच्या वर गाळ घट्ट होतो, हवा त्यात नीट विरघळत नाही, हवा सोडणारा ब्लोअर कितीही ओरडला तरी ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत पोचत नाही, आणि घट्ट गाळ मेम्ब्रेनच्या मधल्या फटींत बसतो.

घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. टाकीतला 50 मिलिलिटर गाळमिश्रित द्रव घडी घातलेल्या फिल्टर पेपरवर ओता आणि पाच मिनिटांत खाली किती पाणी आलं ते मोजा. 10 मिलिलिटर किंवा जास्त आलं तर गाळ चांगला गाळला जातोय. 5 च्या आत आलं तर दोष गाळात आहे, मेम्ब्रेन धुऊन उपयोग नाही. रंगही बघा. चॉकलेटी रंग आणि मातीसारखा वास हवा. काळपट रंग आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कमी पडतेय. फेस आला म्हणून सिलिकॉनवालं अँटीफोम ओतू नका, ते मेम्ब्रेनवर चिकटतं.

लॉगबुकमध्ये रोज फक्त व्हॅक्यूम गेजचा, म्हणजे सक्शन पंप मेम्ब्रेनमधून पाणी किती जोराने ओढतोय त्याचा, आकडा लिहिणं ही आणखी एक सवय. त्या वेळी फ्लो किती होता हे लिहिलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. फ्लो तोच आणि व्हॅक्यूम हळूहळू वाढतोय, तर मेम्ब्रेनवर थर बसतोय. एका दिवसात उडी मारली, तर आधी ब्लोअर आणि मेम्ब्रेनखालचे बुडबुडे सोडणारे डिफ्युझर तपासा. ब्लोअर बंद पडला की सक्शन पंप आपोआप थांबलाच पाहिजे. हे इंटरलॉक कितीतरी ठिकाणी वायर काढून बायपास केलेलं असतं.

सगळं ठीक असूनही तुंबत असेल तर साधं गणित करा. रोजचं सांडपाणी 1 लाख लिटर आणि पंप 20 तास चालतो, म्हणजे तासाला 5,000 लिटर. दर चौरस मीटरमधून तासाला 15 लिटर धरले तर सुमारे 333 चौरस मीटर मेम्ब्रेन हवी. विकणाऱ्याने 200 बसवली असेल तर दर 25 वर जातो, आणि पावसाळ्यात चेंबरमधून पावसाचं पाणी आत आलं की त्याच्याही वर. हा दोष ऑपरेटरच्या माथी मारू नये.

आता मुंबईची खास भानगड. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी पावसाचं, मऊ. त्यात अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शोषून पीएच टिकवण्याची ताकद, कमी. अमोनियातला 1 मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्रेट होताना सुमारे 7 मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. ती संपली की पीएच घसरतो, जिवाणू मंदावतात आणि काचेसारख्या स्वच्छ पाण्यातही अमोनिया शिल्लक राहतो. लोक क्लोरीन वाढवत बसतात. पीएच मोजा, 6.5 च्या खाली असेल तर सोडियम बायकार्बोनेट द्या. अ‍ॅनॉक्सिक (हवा न देता ठेवलेल्या) टाकीचा मिक्सर चालू ठेवा, तिथे खर्चाच्या जवळपास निम्मी अल्कलिनिटी परत मिळते. उन्हाळ्यात बोअरवेलचे टँकर सुरू झाले की चित्र उलटं होतं. जड पाण्याचे क्षार मेम्ब्रेनवर बसतात, आणि क्षारांवर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) चालत नाही, सायट्रिक अ‍ॅसिड लागतं.

गणपतीत अर्धी बिल्डिंग कोकणात जाते, मे महिन्यातही तेच. तेव्हा वीज वाचवायला ब्लोअर पूर्ण बंद ठेवणारे सेक्रेटरी आहेत. हवा कमी करा, थोड्या थोड्या वेळाने द्या, पण बंद नको; दोन दिवसांत गाळ सडतो.

धुताना हायपो आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू होतो, आणि बेसमेंटमध्ये तो माणूस मारतो. दोन धुण्यांच्या मध्ये साध्या पाण्याने खळखळून धुवा. हायपो मुंबईच्या उकाड्यात आठवड्यांत उतरतं. 1,000 लिटर पाण्यात 500 पीपीएम करायला 10 टक्क्यांचं हायपो 5 लिटर लागतं, पण कोपऱ्यातला जुना कॅन 10 टक्क्यांचा राहिलेला नसतो. बाहेर काढलेलं मॉड्यूल (मेम्ब्रेनचा संच) सुकू देऊ नका, प्रेशर जेट तर मारूच नका. आणि माणसाला टाकीत उतरवू नका, मॉड्यूल चेन पुलीने वर घ्या.

शेवटी, शुद्ध केलेलं हे सांडपाणी जिथे वापरलं जातं ती फ्लशची टाकी. मेम्ब्रेनमधून आलं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही, काही विषाणू छिद्रांपेक्षा लहान असतात. त्यामुळे टाकीत क्लोरीन शिल्लक हवंच, आणि पाणी दोन-तीन दिवस साठवू नका. फ्लॅटचं रिनोव्हेशन करताना प्लंबर टॉयलेटमधला जेट स्प्रे जवळच्या फ्लश लाइनलाच जोडतो, कारण पाइप हाताशी असतो. आपल्या घरात पिण्याच्या पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि जेट दाबा. पाणी येत राहिलं तर आजच प्लंबरला बोलवा.