जुन्या कानशीपासून पटाशी

सुतारकाम येणाऱ्याला पटाशीची मूठ करणे जड जात नाही. त्याचे अडते ते पात्यापाशी. तापवणे, घासणे आणि पाणी देणे (म्हणजे तापलेले पाते बुडवून कठीण करणे) एवढे लोहारकाम अंगवळणी पडले, तर झिजलेल्या कानशीतून १२ मिलिमीटर रुंदीची चांगली पटाशी घरीच होते. कानस जुनी, चांगल्या बनावटीची घ्यावी, कारण काही स्वस्त कानशींचा वरचा थरच तेवढा कठीण असतो.

कानस लाल होईपर्यंत तापवून कोरड्या राखेत रात्रभर गाडून ठेवली, की ती कापण्याइतकी मऊ पडते. मग दाते पूर्ण घासून काढावेत, कारण पाणी देताना तडा बहुधा त्याच खाचांपासून सुरू होतो. धारेची कड मात्र अजून दीड मिलिमीटर जाड राहू द्यावी. पातळ कड वाकते.

आता पुढचा ४-५ सेंटिमीटर भाग सावलीत तापवावा, म्हणजे रंग कळतो. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्याला लोहचुंबक चिकटेनासे होते; त्यानंतर किंचित अधिक तापवून पाते कोमट शेंगदाणा तेलात सरळ उभे बुडवावे. तेल पेटू शकते, म्हणून पत्र्याचा डबा व त्याचे झाकण हाताशी हवे. चांगली कानस पात्यावरून नुसती घसरली, तर ते कठीण झाले असे समजावे. पण या अवस्थेत ते काचेसारखे ठिसूळ असते. ते घासून चकचकीत करून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवल्यास फिकट पिवळी झाक येते. निळी झाक आली, तर धार टिकणार नाही आणि पाणी पुन्हा द्यावे लागेल.

मुठीसाठी बाभूळ उत्तम, रेषा लांबीच्या दिशेने धावणारी. कानशीचे मुठीत जाणारे टोक निमुळते असल्याने ठोक्यागणिक ते पाचरीप्रमाणे आत शिरते व मूठ फोडते. हा धोका लाकूडकाम करणाऱ्याला लगेच जाणवतो, पण त्यावरचा उपाय लोखंडात आहे: पाते घडवतानाच टोकाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना काटकोनी खांदे घासून ठेवावेत आणि मुठीच्या तोंडावर पितळी नळीचा तुकडा घट्ट बसवावा. टोकाला पाणी देऊ नये. तेथे मऊपणाच हवा.

शेवटी पाठ दगडावर अगदी सपाट करून २५ ते ३० अंशांची धार काढावी. ग्राइंडर वापरल्यास पाते वारंवार पाण्यात बुडवावे.