एकच लायब्ररी, अनेक प्रोसेसर: बिल्ड करताना या चुका टाळा

कंपाइल झालं म्हणजे काम झालं, हा समज आधी सोडा. बहुतेक घोळ आपल्याच मशीनमुळे होतात, कारण त्याच्या सवयी नकळत बिल्डमध्ये शिरतात.

पहिला गुन्हेगार 'मार्च=नेटिव्ह' (-march=native), म्हणजे 'याच मशीनच्या प्रोसेसरसाठी कोड बनव' असं कंपायलरला सांगणारा फ्लॅग. बिल्ड मशीनच्या प्रोसेसरला एव्हीएक्स-५१२ (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांचा संच) येत असेल, तर कंपायलर त्या सूचना बिनधास्त वापरतो आणि जुन्या प्रोसेसरवर लायब्ररी 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत कोसळते. दोन्हीकडे एक्स८६-६४च (इंटेल-एएमडीचं ६४-बिट आर्किटेक्चर) असतं, म्हणून शंकाही येत नाही. रिलीजसाठी किमान पातळी स्वतः ठरवा. वेगवान कोड हवाच असेल, तर तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि प्रोसेसर तपासून रनटाइमलाच निवडा.

लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं टूल) 'स्किपिंग इनकम्पॅटिबल' म्हणू लागला, की त्याला चुकीच्या आर्किटेक्चरची लायब्ररी सापडली आहे असं समजा. क्रॉस कंपाइल करताना, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी बिल्ड करताना, पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारं टूल) सहसा बिल्ड मशीनचेच पाथ देतो. त्याला टार्गेटच्या सिसरूटकडे, म्हणजे टार्गेटच्या हेडर-लायब्ररी असलेल्या फोल्डरकडे, वळवा. प्रत्येक आर्किटेक्चरला वेगळा बिल्ड फोल्डर द्या, नाहीतर सीमेक या बिल्ड टूलची जुनी कॅश दगा देते. शेवटी 'रीडएल्फ' या टूलने तयार लायब्ररीच्या हेडरमधली 'मशीन' ही ओळ बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

माझी अख्खी संध्याकाळ मात्र सी भाषेतल्या 'चार' (char) या एका बाइटच्या टाइपने खाल्ली. 'गेटचार' या फंक्शनने वाचलेली किंमत मी 'चार' व्हेरिएबलमध्ये ठेवत होतो आणि ती ईओएफशी, म्हणजे 'फाइल संपली' सांगणाऱ्या -१ शी, ताडून लूप थांबवत होतो. एक्स८६ लिनक्सवर 'चार' साइन्ड असतो, म्हणजे ऋण आकडेही ठेवतो, त्यामुळे सगळं सुरळीत. एआरएम लिनक्सवर तो मुळात अनसाइन्ड: -१ चे २५५ होतात, २५५ कधीच -१ होत नाहीत आणि लूप फिरतच राहतो. खरं तर कोड एक्स८६वरही चुकीचाच होता. फाइलमध्ये २५५ हा बाइट आला असता, तर वाचन अर्ध्यावरच थांबलं असतं. 'एफ-साइन्ड-चार' फ्लॅग लावून हे झाकू नका, व्हेरिएबल 'इंट' करा.

थ्रेडमधली गडबड याहून चिवट. एक थ्रेड डेटा लिहून 'तयार' फ्लॅग लावतो आणि दुसरा तो फ्लॅग पाहून डेटा वाचतो. एक्स८६ दोन लेखनांचा क्रम इतर कोअरना तसाच दाखवतो. एआरएम तशी हमी देत नाही, त्यामुळे फ्लॅग नवा आणि डेटा जुना असं दिसू शकतं. 'व्होलाटाइल'ने हे सुटत नाही. रिलीज-अक्वायर क्रमाचे अ‍ॅटॉमिक, म्हणजे लेखन-वाचनाचा क्रम पाळायला लावणारे व्हेरिएबल, वापरा. आणि एक्स८६ मशीनवरच्या क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) हा बग बहुधा दिसतच नाही, तेव्हा खऱ्या एआरएम मशीनवर टेस्ट चालवा.

पेजचा (सिस्टिम मेमरीचे जे ठरावीक तुकडे पाडते त्यांचा) आकार ४०९६ बाइट असा कोडमध्ये कोरू नका. अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर तो १६ केबी असतो, काही एआरएम६४ लिनक्सवर ६४ केबी. सिस्टिमलाच विचारा.

बाइटक्रमाच्या चुकांसाठी मात्र क्यूईएमयू झकास: एस३९०एक्स हे बिग-एंडियन (संख्येचा मोठा बाइट आधी ठेवणारं) टार्गेट सीआयमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये, जोडा. स्ट्रक्ट (अनेक फील्डचा गट) जशीच्या तशी फाइलमध्ये ओतली असेल, तर दुसरीकडे लिहिलेली फाइल तिथे वाचताच पितळ उघडं पडतं.